हळदीचा उंदीर आणि आत्याचं दूध

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझे हात चार महिने पिवळे होते. शेजारणी आईला हळूच विचारायच्या, पोरीचं ठरलं की काय. प्रत्यक्षात मी रोज सकाळी सात वाजता कॉलेजच्या मागच्या ॲनिमल हाऊसमध्ये खलात कर्क्युमिन घोटत बसलेली असायचे. कर्क्युमिन म्हणजे हळदीचा पिवळा रंग, आणि हळदीच्या औषधी कीर्तीतला मोठा वाटेकरी. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून सीएमसी नावाच्या चिकट पावडरीच्या पातळ द्रावणात ते एकजीव होईपर्यंत घोटायचं, एकेका उंदराचं वजन करायचं, त्या हिशेबाने सिरिंज भरायची आणि टोकाला गोल मणी असलेल्या वाकड्या सुईने ते थेट त्याच्या जठरात सोडायचं. उंदराला उलटी करता येत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. एकदा आत गेलं की गेलं.

गेलं, पण राहिलं का? पिंजऱ्यातल्या भाताच्या तुसावर दुसऱ्या दिवशी पडलेल्या लेंड्या पिवळट दिसायच्या. आमचे गाईड सर म्हणाले, "बघ, तुझी मेहनत तिथे पडलीये." विनोद बाजूला ठेवला तरी गोष्ट जुनीच आहे. उंदरांना तोंडावाटे भरपूर कर्क्युमिन दिलं तर त्यातलं सुमारे ७५ टक्के विष्ठेतून तसंच बाहेर पडतं, हे १९७८ मध्येच मोजून झालेलं आहे.

हे सगळं आठवायचं कारण आत्या. पुण्यात नारायण पेठेत राहते, वय पंच्याहत्तर, पेपरातली आरोग्याची कात्रणं तेलाच्या रिकाम्या डब्यात जमवते. मध्यंतरी गेले तर समोर एक कात्रण सरकवलं. हळदीमुळे मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं, असं संशोधनात दिसून आलं म्हणे.

"अगं, तू हेच करत होतीस ना? मग रोज रात्री हळदीचं दूध घेऊ ना मी? हो की नाही, एवढंच सांग."

एवढंच सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

संशोधनात दिसून आलं, म्हणजे कुणात?

असं संशोधन खरंच झालेलं आहे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या औषधशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगात कर्क्युमिन दिलेल्या छोट्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन वाढलं, मोठ्या डोसला डोपामिनही वाढलं. ही दोन्ही मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी बोलायची रसायनं. आपली मनःस्थिती, झोप, भूक, एखाद्या गोष्टीची ओढ लागणं, हालचाल, या सगळ्यांत त्यांचा हात असतो. प्रयोग नीट केलेला होता. पण कात्रणात दोन गोष्टी गाळलेल्या होत्या. एक म्हणजे 'उंदीर' हा शब्द. दुसरी म्हणजे त्या उंदरांना कर्क्युमिन खायला दिलंच नव्हतं, ते सुईने पोटाच्या पोकळीत टोचलं होतं.

संशोधक असं का करतात? कारण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. 'हा पदार्थ शरीरात पोचला तर मेंदूत काय करतो' हे त्यांना बघायचं असतं. आत्याचा प्रश्न 'मी प्यायले तर पोचेल का' असा आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली छापलं की बातमी तयार होते.

आता डोसचा हिशेब. त्या प्रयोगात सर्वांत मोठा डोस होता उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे ८० मिलिग्रॅम. साधा गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला ४.८ ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज १६० ग्रॅम हळद! पण हा गुणाकार चुकीचा आहे, आणि बरेच शहाणे लोक तो करतात. लहान प्राण्याचं इंजिन फार वेगाने चालतं. हृदय भराभर धडधडतं, औषधाचाही चटकन निकाल लागतो, म्हणून त्याला किलोमागे जास्त डोस लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार छोट्या उंदराचा डोस माणसासाठी १२.३ ने आणि मोठ्या उंदराचा ६.२ ने भागायचा. भागलं की येतं दिवसाला साधारण ३९० मिलिग्रॅम, म्हणजे १३ ग्रॅम हळद. चार-पाच चहाचे चमचे. आणि एवढी हळदसुद्धा टोचून घेतली तर. आत्या दुधात घालते चिमूटभर.

(मराठीत 'माउस' आणि 'रॅट' या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र हे दोन वेगळे प्राणी. माउस पंचवीस-तीस ग्रॅमचा, रॅट दोन-अडीचशे ग्रॅमचा. रॅटला पित्ताशय नसतं, माउसला असतं. बातमीत उंदीर आला की कुठला, हे विचारायला हरकत नाही.)

तोंडावाटे घेतलेल्या कर्क्युमिनचं पुढे काय होतं? थोडं आतड्यातून शोषलं जातं आणि आतड्याच्या भिंतीत व यकृतात त्यावर लगेच प्रक्रिया होते. त्याला साखरेचा एक तुकडा जोडून शरीर ते बाहेर टाकण्याजोगं करतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी एक गंमत दाखवली. मिऱ्यातलं पायपरिन हे प्रक्रियेचं काम मंदावतं. पायपरिनसोबत दिल्यावर उंदरांच्या रक्तातली कर्क्युमिनची उपलब्धता १५४ टक्क्यांनी वाढली, माणसांत २००० टक्क्यांनी. हा २००० चा आकडा आता कितीतरी हळद-कॅप्सूलच्या बाटल्यांवर असतो. बाटलीवर नसतं ते हे की मुळात रक्तात जवळजवळ काही सापडतच नव्हतं. जवळजवळ शून्याच्या वीसपट म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा. शिवाय जी प्रक्रिया मंदावते तिचा उपयोग शरीर इतर औषधांसाठीही करतं. भाजीतल्या मिरपुडीने काही बिघडत नाही, पण पायपरिनची कॅप्सूल आणि रोजच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं.

स्वारगेटची बस

समजा, रक्तात पोचलं. तरी मेंदू अजून दूर आहे.

१८८५ मध्ये जर्मनीत पाउल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात रंग टोचत होता. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. त्याला वाटलं, मेंदूला हा रंग चिकटत नसेल. १९१३ मध्ये त्याच्याकडेच काम केलेल्या गोल्डमनने उलटं करून पाहिलं. रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंगाचा दोष नव्हता, मध्ये भिंत होती. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की मधल्या फटीतून काही झिरपत नाही. ज्याला जायचंय त्याने ठरलेल्या दारानेच जायचं.

सेरोटोनिनसाठी असं दार नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि त्यातलं काहीही मेंदूत जात नाही. केळ्यातही सेरोटोनिन असतं. केळं खावं, छान असतं, पण त्यातलं सेरोटोनिन भिंतीच्या अलीकडेच राहतं. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनांच्या एका विटेपासून. ते मात्र खाण्यातूनच यावं लागतं: दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी.

मग प्रथिनं भरपूर खाल्ली की ट्रिप्टोफॅन भरपूर, आणि सेरोटोनिनही भरपूर? एमआयटीमध्ये फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन यांनी १९७१-७२ मध्ये उंदरांवर नेमकं हेच तपासलं. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदरांना त्यांनी वेगवेगळं जेवण दिलं. प्रथिनांचं जेवण केलेल्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन वाढलं, पण मेंदूत ना ट्रिप्टोफॅन वाढलं ना सेरोटोनिन. उलट नुसते स्टार्च-साखर खाल्लेल्या, म्हणजे ट्रिप्टोफॅनचा कणही न खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन वाढलं!

स्वारगेटला संध्याकाळी सहाला बससाठी उभं राहिलेल्या माणसाला हे चटकन समजेल. ट्रिप्टोफॅनला मेंदूत जायला एकच दार, आणि त्याच दारातून ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फिनाइलॲलॅनिन ही बाकीची अमिनो आम्लंही चढतात. प्रथिनांत हे सगळे भरघोस संख्येने असतात, ट्रिप्टोफॅन सगळ्यांत कमी. प्रथिनं खाल्ली म्हणजे स्टॉपवर दहा माणसं आपली आणि दोनशे दुसऱ्यांची आली. बस तेवढीच. साखर खाल्ली की इन्सुलिन सुटतं, ते या बाकीच्या प्रवाशांना स्नायूंमध्ये ढकलतं. ट्रिप्टोफॅनचा बराचसा भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतो, त्यामुळे तो तिथेच राहतो. स्टॉप मोकळा झाला आणि ट्रिप्टोफॅन आरामात चढलं.

आता कुणी पुणेकर म्हणेल, सापडलं! दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचं शास्त्रीय कारण. भात, इन्सुलिन, सेरोटोनिन, डुलकी. मलाही हे स्पष्टीकरण फार आवडलं होतं. पण भातावर वरण असतं. जेवणात थोडीशी प्रथिनं आली तरी माणसात हा परिणाम पुसट होतो, आणि आपण सहसा नुसता स्टार्च खात नाही. दुपारची पेंग शरीराच्या घड्याळामुळेही येते, न जेवतासुद्धा. तेव्हा दुकान बंद ठेवायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावं, उंदरांवर ढकलू नये.

सर्पगंधा, ससे आणि खाजकुइली

आतापर्यंतचं वाचून वाटेल की मी प्राण्यांवरच्या संशोधनाला नावं ठेवतेय. तसं नाही. मेंदूच्या रसायनशास्त्रातली माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट आपल्याकडच्या एका मुळीपासून सुरू होते आणि सशांपाशी वळण घेते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे चित्तभ्रमावर आणि झोपेसाठी फार पूर्वीपासून वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते आणि शांत करते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं: रेसर्पिन. पण हे शांत करतं म्हणजे नक्की काय करतं?

१९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने सशांना रेसर्पिन दिलं आणि मेंदू तपासला. सेरोटोनिनचे साठे रिकामे झाले होते. मेंदूतल्या पेशी ही रसायनं बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरणारा पंपच बंद करतं. उघड्यावर राहिलेलं रसायन पेशीतली विकरं (एन्झाइम्स) मोडून टाकतात. साठवणीचं लोणचं बरणीत न भरता ताटलीत ठेवलं तर जे होईल ते.

अर्विद कार्लसन हा स्वीडिश शास्त्रज्ञ ब्रोडींकडे काम करून मायदेशी परतला होता. रेसर्पिन दिलेले ससे गोळा होऊन पडायचे, हलेनात. सेरोटोनिन गेलं म्हणून असं झालं, असं बहुतेकांचं मत. कार्लसनने त्यांना एल-डोपा टोचलं. हा डोपामिनच्या आधीचा टप्पा. डोपामिनला मेंदूचं दार बंद आहे, एल-डोपाला उघडं. ते जातं त्याच बसने, ट्रिप्टोफॅनच्याच. १९५७ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात निपचित पडलेले ससे काही मिनिटांत उठून हिंडायला लागले. सेरोटोनिन बनवणारं द्रव्य देऊन असं काही झालं नाही. तोपर्यंत डोपामिन हा दुसरं काही बनवताना वाटेत लागणारा टप्पा समजला जायचा. कार्लसनच्या सशांमुळे कळलं की हालचालीसाठी तेच लागतं. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं सापडलं, १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना एल-डोपा दिलं गेलं, आणि आजही ते पार्किन्सन्सचं मुख्य औषध आहे. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना डॉक्टर सांगतात, गोळी आणि प्रथिनांचं जेवण एकत्र घेऊ नका. का, ते आता ओळखता येईल: बस एकच आहे.

या गोष्टीत आपल्या डोंगरांचाही वाटा आहे. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत हिंडलेल्या कुणाला खाजकुइली माहीत नाही? तपकिरी लवीच्या शेंगा, शाळेतल्या मित्राच्या कॉलरमध्ये टाकायच्या. त्या शेंगांच्या बियांत एल-डोपा असतं, चांगलं चार-पाच टक्के. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते त्यांतून वेगळं काढलं होतं, कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी. आणि त्या लवीत, जिच्यामुळे खाज सुटते, तिच्यात एक प्रथिन पचवणारं विकर असतं आणि चक्क सेरोटोनिनही असतं. मनाला उभारी देणारं म्हणून जे रसायन पेपरात गाजतं, तेच कातडीत घुसलं की माणूस नाचायला लागतो. रसायन कुठे आहे यावर सगळं अवलंबून. (बिया आणून खाऊ नका. डोस चुकला तर मळमळीपासून भ्रमापर्यंत काहीही होऊ शकतं.)

उंदीर उदास आहे हे कसं कळतं?

इथे मला थोडं थांबायचंय, कारण बातम्यांतला मोठा घोळ याच पायरीवर होतो.

उंदीर बोलत नाही. मग कर्क्युमिनने त्याला बरं वाटलं हे कुणी ठरवलं? १९७७ मध्ये पोर्सोल्ट या संशोधकाने एक परीक्षा काढली. उंच काचेच्या नळकांड्यात पाणी भरायचं, उंदराला त्यात सोडायचं. आधी तो धडपडतो, भिंतीवर चढायला बघतो. मग थांबतो आणि नाक वर ठेवून नुसता तरंगतो. हा तरंगण्याचा वेळ मोजायचा. माणसांना उपयोगी पडणारी नैराश्याची औषधं दिली की उंदीर जास्त वेळ धडपडतो. म्हणून तरंगणं म्हणजे निराशा, धडपड म्हणजे उमेद, असं गृहीत धरायची रीत पडली.

मी अशा कितीतरी उंदरांसमोर स्टॉपवॉच घेऊन बसलेय. खरं सांगू? काही उंदीर मला निराश नाही, हुशार वाटायचे. बाहेर पडायला वाट नाही हे कळल्यावर ताकद वाचवून तरंगत राहणं यात चुकलं काय? हा आक्षेप माझ्या एकटीचा नाही, आता बरेच शास्त्रज्ञ तो घेतात. ही परीक्षा एखादं द्रव्य औषधासारखं वागतंय का हे चाळायला ठीक आहे. तिच्यावरून 'हळदीने नैराश्य जातं' इथवर उडी मारता येत नाही.

आणि मेंदूतलं रसायन मोजायचं तर बहुतेक वेळा प्राण्याला मारावं लागतं. कॉलेजात आम्ही त्याला 'सॅक्रिफाइस' म्हणायचो. मराठीत बळी. त्या दिवशी डबा कुणी खायचं नाही. रसायनं मिनिटांत मोडतात म्हणून सगळं बर्फावर, भराभर, न बोलता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते. किती उंदीर आणि का, कमी नाही का चालणार, हे तिच्यापुढे सांगावं लागतं. मी चाळीस मागितले होते, तिने छत्तीस दिले. तेव्हा राग आला होता.

माणसाचा मेंदू असा उघडून बघता येत नाही. रक्ताच्या तपासणीत सेरोटोनिनचा आकडा आला तरी तो आतड्याचा आणि रक्तातल्या प्लेटलेट्सचा, मेंदूचा नाही. म्हणून तर उंदीर लागतात. आणि म्हणूनच, उंदराच्या मेंदूतला आकडा माणसाच्या तोंडी घालताना दहादा विचार करावा लागतो.

साखरेचं उदाहरण घ्या. 'साखर कोकेनसारखं व्यसन लावते' हे वाक्य ज्या प्रयोगांवर उभं आहे त्यांतले महत्त्वाचे प्रिन्स्टन विद्यापीठात झाले. उंदरांच्या मेंदूत साखर पिताना रोज नव्याने डोपामिन सुटत होतं. साधारणपणे चव ओळखीची झाली की हे कमी होतं, इथे होत नव्हतं. पण हे उंदीर रोज बारा तास उपाशी ठेवलेले होते, आणि मग त्यांना साखरेचं पाणी दिलं जायचं. ज्यांच्यासमोर साखर दिवसभर होती त्यांच्यात असं वागणं दिसलं नाही. म्हणजे दोष एकट्या साखरेचा नव्हता, उपास आणि मग तुटून पडणं या चक्राचा होता. एकादशी करून रात्री बासुंदी ओरपणाऱ्यांनी हा प्रयोग मुळातून वाचण्यासारखा आहे.

दह्याचीही अशीच एक कथा. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमधल्या संशोधकांनी छोट्या उंदरांना दह्यातल्या जिवाणूंचा भाईबंद असलेल्या लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूची एक विशिष्ट जात खाऊ घातली. उंदरांची भीती कमी झाली, ताणाचं हॉर्मोन कमी सुटलं, मेंदूत गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा निरोप घेणारे रिसेप्टर बदलले. आतड्याकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापली तर यातलं काहीच होईना. काय देखणा प्रयोग! मग याच शास्त्रज्ञांच्या गटाने तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन बघितला. ताण, चिंता, स्मरण, काहीच फरक नाही. २०१७ मध्ये त्यांनी हा निकाल प्रामाणिकपणे छापला. पहिल्याची बातमी जगभर झाली. दुसऱ्याची आत्याच्या डब्यात नाही.

धनकवडीचे उंदीर

मग आत्याने करायचं काय? मी तिला म्हटलं, हळद राहू दे, तू शेवटची बी-१२ ची तपासणी कधी केलीस?

इथे प्राण्यांचं संशोधन आणि पुणं एकमेकांना खरंच भेटतात. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निकाल छापला. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. पेठांतलं सात्त्विक जेवण पोट भरतं, पण बी-१२ वनस्पतींत नसतं. दूध-दह्यातून मिळतं तेवढंच. याच गटाने पुढे दाखवलं की गरोदरपणी ज्या आयांमध्ये बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

पण आईमुळेच असं झालं हे कशावरून? ज्या घरात बी-१२ कमी, तिथे बाकीही काही कमी असू शकतं. आणि गरोदर बाईला मुद्दाम बी-१२ शिवाय ठेवून बघणं हा विचारही करवत नाही. उंदीर इथे उपयोगी पडतात. धनकवडीला भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' या संशोधन संस्थेत साधना जोशी यांच्या गटाने विस्टार जातीच्या उंदरांच्या माद्यांना बी-१२ आणि ओमेगा-३ चं प्रमाण ठरवून बदललेलं खाणं दिलं. बाकी सगळं तेच: तीच खोली, तेच तापमान, तोच बारा तासांचा उजेड. मग पिल्लांचे मेंदू तपासले. २०१४ च्या त्यांच्या प्रयोगात ज्या आयांना बी-१२ भरपूर आणि सोबत ओमेगा-३ मिळालं, त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत डीएचए ही चरबी आणि बीडीएनएफ हे पेशींना खतपाणी घालणारं प्रथिन जास्त होतं, आणि वाट शोधण्याच्या परीक्षांतही ती सरस ठरली.

बी-१२ चा आणि मेंदूचा संबंध हळदीपेक्षा सरळ आहे. होमोसिस्टीन या अमिनो आम्लापासून मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल बनवायला ते लागतं. त्या मेथिओनिनपासून जो रेणू तयार होतो तो मेंदूत घरोघरी मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक तुकडा पोचवतो: जनुकांवर खुणा करायला, नसांवरचं आवरण सांभाळायला, काही रसायनं बनवायला आणि मोडायला. पुरवठा थांबला की सगळीकडे हळूहळू चणचण. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी. पेठेतल्या वयस्कर मंडळींत याला 'वय झालं' म्हणतात.

यात उंदरांनी संशोधकांना फार छळलेलं आहे. उंदराला बी-१२ कमी पडू देणंच अवघड, कारण तो स्वतःच्या लेंड्या खातो, आणि आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेलं बी-१२ लेंड्यांत असतं. म्हणून अशा प्रयोगांत पिंजऱ्याला तळाशी जाळी लावतात, लेंड्या खाली पडतात, उंदीर वर राहतो. खाण्यात पेक्टिन मिसळण्याचीही युक्ती आहे, त्याने बी-१२ चं शोषण अडतं. एवढा बंदोबस्त केल्यावर जी अवस्था उंदरात येते, ती आपल्या शहरात वर्षानुवर्षं आमटी-भात खाऊन सहज येते.

हे मी आत्याला सांगितलं. लेंड्यांचा भाग वगळून, कारण ती जेवत होती.

तपासणी केली. आकडा आला १४८. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा २०० पिकोग्रॅम लिहिलेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कोर्स दिला. सहाव्या आठवड्यात पायाच्या मुंग्या कमी झाल्या म्हणाली. मेंदूचं विचारलं तर म्हणाली, "तो आधीही बरा होता." हळदीचं दूध सुरूच आहे. परवा एक घोट घेऊन बघितला, घसा जळाला. मिरपूड घातली होती.